लाकडाचा ताळेबंद: वनसाठ्याच्या मोजणीपासून तोडीच्या आकड्यापर्यंत

वनसाठा मोजणीच्या अहवालातून 'निव्वळ वार्षिक वाढ' उचलायची, शेजारी लाकडाची मागणी मांडायची, वजाबाकी करायची आणि 'तोडीला अजून वाव आहे' असं लिहून मोकळं व्हायचं. तपासायला येणाऱ्या बहुतेक मसुद्यांत मला हेच दिसतं. वजाबाकी बरोबर असते, पण तिच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या गोष्टींच्या असतात. एका बाजूला सालीसकट उभं झाड आणि दुसऱ्या बाजूला साल काढून गिरणीत पोचलेला ओंडका. एकात कड्यावरचं जंगल धरलेलं, तर दुसऱ्यात बांधावरच्या झाडांचं सरपण.

समजायला सोपं जावं म्हणून एक काल्पनिक प्रदेश घेऊ: १ लाख हेक्टर जंगल, हेक्टरी १२० घनमीटर उभा साठा, म्हणजे उभ्या झाडांतलं लाकूड. आकडे मी हिशेबासाठी बसवले आहेत, ते कुठल्याही खऱ्या प्रदेशाचे नाहीत. हाच प्रदेश शेवटपर्यंत सोबत ठेवा, कारण त्याचं उत्तर वाटेत तीनदा बदलणार आहे.

## टप्पा १: आधी प्रश्न, मग व्याख्या

कागदावर एका वाक्यात लिहा: कोणत्या क्षेत्रातून, कोणत्या प्रकारचं लाकूड, किती वर्षांसाठी. 'जंगल किती आहे' हा प्रश्न वेगळा आणि 'गिरण्यांना पुढची २० वर्षं जाड ओंडके मिळतील का' हा वेगळा. पहिल्यासाठी केलेली मोजणी दुसऱ्याला अपुरी पडते.

मग जंगलाची व्याख्या ठरवा. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या व्याख्येत अर्ध्या हेक्टरहून मोठं क्षेत्र, ५ मीटरहून उंच झाडं आणि १० टक्क्यांहून जास्त छत्र, म्हणजे झाडांच्या शेंड्यांनी झाकलेली जमीन, लागतं; मुख्यतः शेतीसाठी किंवा वस्तीसाठी वापरलेली जमीन त्यात येत नाही. भारतीय वन सर्वेक्षण 'वनाच्छादन' मोजतं तेव्हा किमान १ हेक्टर आणि १० टक्के छत्र एवढंच पाहतं. जमीन कोणाची आणि वापर कसला, याला तिथे महत्त्व नाही, त्यामुळे फळबागाही त्यात बसतात. दोन्ही व्याख्या आपापल्या कामाला ठीक आहेत. एकीतलं क्षेत्र घेऊन त्याला दुसरीतल्या हेक्टरी साठ्याने गुणलं की घोटाळा होतो.

सावधान: नुकतीच तोड झालेली आणि पुन्हा झाडं येणार असलेली जमीन पहिल्या व्याख्येत जंगलच राहते. उपग्रहचित्रात मात्र ती उघडी दिसते. नुसत्या चित्रावरून क्षेत्र काढलंत, तर तोडीच्या चक्रातली जमीन दर वेळी 'नष्ट झालेलं जंगल' म्हणून वजा होत राहील.

## टप्पा २: प्लॉट किती आणि कुठे

सगळी झाडं कोणी मोजत नाही. नकाशावर ठराविक अंतराची जाळी टाकून तिच्या छेदबिंदूंवर नमुना प्लॉट घेतात. जर्मनीची मूळ जाळी ४ किलोमीटर बाय ४ किलोमीटरची आहे. अमेरिकेत साधारण ६,००० एकरांमागे एक प्लॉट असतो.

संख्येचा ढोबळ हिशेब असा: प्लॉटागणिक साठ्यात पडणारा फरक, म्हणजे विचरण गुणांक, टक्क्यांत घ्या, त्याला २ ने गुणा, चालेल तेवढ्या त्रुटीने भागा आणि आलेल्या आकड्याचा वर्ग करा. विचरण ६० टक्के आणि त्रुटी ±८ टक्के चालत असेल, तर १२० भागिले ८ म्हणजे १५, आणि १५ चा वर्ग २२५ प्लॉट. त्रुटी ±४ वर आणायची तर ९०० लागतील. अचूकता दुप्पट करायला काम चौपट होतं, आणि अंदाजपत्रक करणाऱ्याला हे आधीच सांगितलेलं बरं.

याच्या उलट चूक जास्त वेळा दिसते. प्रदेशासाठी घेतलेल्या या २२५ प्लॉटांचे १० उपविभाग पाडले की प्रत्येकाच्या वाट्याला २२-२३ येतात आणि त्रुटी ±८ वरून ±२५ टक्क्यांवर जाते. राष्ट्रीय मोजणीतून तालुक्याचा आकडा काढू नका, असं म्हणतात ते याच कारणाने. तो आकडा निघतो, पण त्यावर तोडीचा परवाना देण्याइतका भरवसा ठेवता येत नाही.

सावधान: जाळीचा बिंदू दरीत किंवा काटेरी गचपणात पडला म्हणून प्लॉट 'जरा बाजूला' सरकवायचा नाही. अडचणीच्या जागी साठा बहुधा वेगळा असतो आणि नेमका तोच नमुन्यातून निसटतो. पोचताच आलं नाही, तर 'पोचता आलं नाही' अशीच नोंद करा.

## टप्पा ३: प्लॉटवरची मोजणी

पुढचे सगळे आकडे इथे ठरतात, म्हणून इथे जरा थांबू.

उतार. प्लॉटची त्रिज्या आडव्या पातळीवर मोजायची असते. २० अंशांच्या उतारावर १० मीटर त्रिज्येसाठी उताराच्या दिशेने टेप साधारण १०.६ मीटर सोडावी लागते. ती दुरुस्ती न करता जमिनीलगत सरसकट १० मीटर मोजले, तर क्षेत्र ६ टक्के कमी भरतं. ३० अंशांवर हीच तूट १३ टक्के होते. डोंगराळ भागात ही एकच चूक साठा आहे त्याहून कमी भासवायला पुरते.

छातीची उंची. घेर कुठे मोजायचा याची उंची बहुतेक देशांत १.३ मीटर असते, भारतात आणि अमेरिकेत १.३७ मीटर. जे वापराल ते नोंदवा, कारण पुढे सूत्र निवडताना लागेल. उतारावर ही उंची चढाच्या बाजूने मोजायची. झाड कललेलं असेल, तर खोडाला धरून. या उंचीच्या खाली दोन खोडं फुटली असतील तर ती दोन झाडं, वर फुटली असतील तर एक. त्या उंचीवर गाठ असेल, तर गाठ टाळून लगेच वर मोजा आणि तसं लिहा.

टेप. काही टेपांवर घेर असतो, काहींवर व्यासाची आखणी. मी स्वतः एकदा तीन प्लॉटांचे घेर व्यासाच्या रकान्यात भरले होते. घनफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, त्यामुळे साठा जवळपास दहापट आला आणि म्हणूनच चूक पकडली गेली. छोट्या चुका पकडल्या जात नाहीत, खरं भय त्यांचं असतं. ३० सेंटिमीटरचं खोड ३२ लिहिलं, तर घनफळ १४ टक्क्यांनी फुगतं आणि कोणाला संशयही येत नाही.

सीमेवरचं झाड. हे प्रत्यक्ष पाहण्यासारखं असतं. टेपचं एक टोक मध्यखुंटीला, दुसरं टोक धरून एक जण झाडाशी उभा. झाड चांगलं जाडजूड, सरळ. टेप खोडाच्या अलीकडच्या कडेला टेकते आणि दोघंही म्हणतात, 'आत आहे, घेऊन टाक.' नियम असा की छातीच्या उंचीवर खोडाचा मध्य त्रिज्येच्या आत असेल तरच झाड आत. अलीकडची कड धरली की प्रत्येक जाड झाडाला अर्ध्या खोडाची सवलत मिळते आणि साठा वाढतो तो नेमका जाड झाडांचा. संशय आला तर डोळ्यांनी ठरवू नका, टेप लावा.

कायम प्लॉट असेल, तर मध्यखुंटी जमिनीत दडवा आणि झाडांवर ठळक खुणा करू नका. खूण दिसली की तोडणारे त्या झाडांना हात लावत नाहीत किंवा राखणारे तिथे जास्त लक्ष देतात. मग तो प्लॉट जंगलाचा नमुना उरत नाही.

तपासा: दर १० ते २० प्लॉटांमागे एक प्लॉट दुसऱ्या जोडीकडून पुन्हा मोजून घ्या. पहिल्या जोडीचे आकडे त्यांना आधी दाखवू नका.

## टप्पा ४: घेरापासून घनमीटरपर्यंत

व्यास आणि उंचीवरून घनफळ देणारं सूत्र जातीनुसार आणि प्रदेशानुसार बदलतं. सूत्र निवडताना तीन गोष्टी पाहा: त्यात साल धरली आहे का, बुंध्यातला खुंट धरला आहे का, आणि शेंड्याकडे किती व्यासापर्यंतचं खोड मोजलं आहे. १० सेंटिमीटरपर्यंतचं खोड देणारं सूत्र आणि फांद्यांसकट सगळं देणारं सूत्र यांचे आकडे एका रकान्यात बसत नाहीत. सूत्र ज्या जाडीच्या झाडांवरून बनलं, त्याबाहेरच्या झाडांना ते लावू नका.

## टप्पा ५: वाढ काढा

दोन मोजण्यांतल्या साठ्यांचा फरक म्हणजे वाढ नव्हे. मधल्या काळात तोडलेलं आणि आपोआप मेलेलं लाकूडही वाढूनच आलं होतं.

आपल्या प्रदेशात पाच वर्षांत साठा हेक्टरी ११५.५ वरून १२० घनमीटर झाला. त्याच काळात १३ घनमीटर तोडलं गेलं आणि २.५ घनमीटर वारा, कीड, म्हातारपण यांनी गेलं. एकूण वाढ ४.५ अधिक १३ अधिक २.५, म्हणजे २०. वर्षाला ४ घनमीटर. नैसर्गिक मर वजा केली की निव्वळ वाढ ३.५, सगळ्या प्रदेशाची वर्षाला ३.५ लाख घनमीटर.

सावधान: पहिल्या मोजणीत किमान व्यासाखाली असलेली आणि दुसऱ्या वेळी त्यावर गेलेली रोपटी वेगळ्या रकान्यात ठेवा. कोवळ्या जंगलात 'वाढ' म्हणून दिसणारा मोठा भाग त्यांचाच असतो आणि ती लवकर तोडता येत नाहीत.

## टप्पा ६: वाढीतून मिळू शकणारं लाकूड

बहुतेक मसुदे ही पायरी गाळतात. ३.५ लाख हा तोडीचा आकडा नाही. त्याला क्रमाने चार गाळण्यांतून जाऊ द्या.

१. उपलब्ध क्षेत्र. संरक्षित भाग, पाण्याकाठचा पट्टा, फार तीव्र उतार, रस्ता पोचत नाही असं जंगल काढून टाका. आपल्या काल्पनिक प्रदेशात ३० टक्के क्षेत्र गेलं, ७० हजार हेक्टर उरलं. वाढ मात्र ३० टक्क्यांनी घटत नाही, कारण कड्यांवरची झाडं मुळात सावकाश वाढतात. प्लॉटवार हिशेब केला की उरते २.६ लाख. इथे नुसती टक्केवारी लावू नका, बाहेर गेलेल्या प्लॉटांची वाढ प्रत्यक्ष वजा करा.

२. साल. अन्न व कृषी संघटनेच्या वनसंपदा अहवालात उभा साठा सालीसकट असतो, तर त्याच संघटनेच्या लाकूड उत्पादनाच्या आकडेवारीत गोल, म्हणजे न चिरलेलं, लाकूड सालीशिवाय. एकाच संस्थेची दोन प्रकाशनं शेजारी ठेवली तरी हा खड्डा आहेच. साल १२ टक्के धरली तर उरते २ लाख २८ हजार ८००.

३. तोडताना होणारं नुकसान. उंच राहिलेला खुंट, फुटलेलं खोड, जागीच सोडलेले तुकडे. १० टक्के धरले तर उरते २ लाख ५ हजार ९२०. 'तोड' आणि 'बाहेर काढलेलं लाकूड' हे दोन वेगळे शब्द आहेत, ते वेगळेच ठेवा.

४. वय. वाढ बहुतांशी कोवळ्या झाडांवर होत असेल, तर आज तेवढी तोड म्हणजे पिकण्याआधीच कापणी. जंगल जुनाट असेल, तर काही वर्षं वाढीपेक्षा जास्त तोडही चालते. ताळा म्हणून उपलब्ध साठ्याची दुप्पट भागिले आवर्तन (झाड उगवल्यापासून तोडीपर्यंतची वर्षं) हे जुनं सूत्र लावून पाहा: ८४ लाख गुणिले २ भागिले ६० वर्षं, म्हणजे २.८ लाख, सालीसकट. आपल्या २.६ लाखांच्या जवळ आहे, म्हणून पुढे जायला हरकत नाही. पण सगळ्या वयांची झाडं सारख्या प्रमाणात आहेत असं हे सूत्र गृहीत धरतं. तशी नसतील, तर ते टाकून वयोगटवार पुढच्या ३० ते ५० वर्षांचा अंदाज बांधावा लागतो.

तपासा: ३.५ लाखांचे २.०६ लाख झाले. मसुद्यात या दोन आकड्यांमधली प्रत्येक पायरी वाचणाऱ्याला दिसते का?

## टप्पा ७: मागणी एका मापात आणा

चिरलेलं लाकूड घनमीटरमध्ये, लगदा टनांत, सरपण गाड्यांत किंवा मोळ्यांत. या सगळ्याचं गोल लाकडाच्या घनमीटरमध्ये रूपांतर करा. ढोबळ गुणक असे: १ घनमीटर चिरलेल्या लाकडाला सुमारे १.८ घनमीटर ओंडका, १ टन रासायनिक लगद्याला साधारण ४.५ घनमीटर, १ टन कोळशाला ६ घनमीटर, १ टन सरपण म्हणजे सुमारे १.३८ घनमीटर. स्थानिक गुणक मिळाला तर तोच घ्या, फरक मोठा पडतो.

आपल्या प्रदेशात:
- चिरलेलं लाकूड ४०,००० घनमीटर: ७२,०००
- लगदा २०,००० टन: ९०,०००
- सरपण ६०,००० टन: ८२,८००
- कोळसा ५,००० टन: ३०,०००
- एकूण २,७४,८००

आता दुबार मोजणी काढा. चिराईत ७२,००० आत गेले, ४०,००० बाहेर आले. उरलेल्या ३२,००० पैकी २०,००० घनमीटर छाट आणि चिपा लगदा कारखान्यानेच उचलल्या. तेच लाकूड दोनदा मोजलं गेलं, म्हणून २०,००० वजा. मागणी उरली २,५४,८००. कागदाची रद्दी, जुनं लाकूड, आयात असेल तर तीही इथेच वजा होते, आणि निर्यात इथेच मिळवायची.

सरपणाचा आकडा बहुतेकदा सर्वांत कच्चा असतो, कारण त्याची पावती फाटत नाही. जगभरात जंगलातून निघणाऱ्या लाकडातलं सुमारे निम्मं जळणासाठी जातं, म्हणून तो गाळूनही चालत नाही. 'आठवड्याला किती लागतं' असं विचारून मिळालेल्या उत्तरावर विसंबू नका. ढीग तोला, त्यातूनच वापरायला सांगा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तोला. वेगवेगळ्या ऋतूंत हे करा आणि लाकूड ओलं की वाळलेलं, हेही लिहा. चट्ट्याचं माप मिळालं, तर रचलेल्या एका घनमीटरमध्ये भरीव लाकूड दोन तृतीयांशाच्या आसपासच असतं, बाकी हवा.

सावधान: सरपणाचा मोठा वाटा फांद्यांतून आणि जंगलाबाहेरच्या झाडांतून येतो. पुरवठ्याच्या बाजूला आपण फक्त जंगलातली खोडं मोजली आहेत. म्हणून तेवढा वाटा मागणीतून काढा किंवा ती झाडं आणि फांद्या पुरवठ्यात घ्या. दोन्ही एकदम नको. आपल्याकडे हा वाटा ५०,००० घनमीटर निघाला, म्हणजे जंगलातल्या खोडांवरची मागणी २,०४,८००.

## टप्पा ८: ताळेबंद मांडा, पण एका आकड्यात नको

एकाच प्रदेशाची तीन उत्तरं पाहा.

- ३.५ लाख वाढ, २.७५ लाख मागणी: भरपूर शिल्लक.
- २.०६ लाख पुरवठा, २.५५ लाख मागणी: जवळपास ४९ हजारांची तूट.
- २.०६ लाख पुरवठा, २.०५ लाख मागणी: जेमतेम जुळतं, शिल्लक अवघी १,१२०.

तिसरं बरोबर, पण तेही अपुरं. पुरवठ्याच्या आकड्याची त्रुटी ±८ टक्के असेल, तर ती साडेसोळा हजारांच्या घरात जाते. त्यापुढे १,१२० ला काही अर्थ नाही. लिहायचं असं: 'मोजणीच्या अचूकतेत पुरवठा आणि मागणी सारखी आहेत, तोड वाढवण्यास आधार नाही.' शिल्लक १,१२० घनमीटर असं छापलंत, तर तेवढ्यासाठीही कोणी अर्ज करेल.

मग फोड करा. पुरवठ्यातला एक तृतीयांश भागच ३० सेंटिमीटरहून जाड असेल, तर जाड ओंडके मिळणार ६८,६४०. गिरण्यांना लागतात ७२,०००. एकूण जुळत असताना गिरण्या तुटीत आणि बारीक लाकूड पडून, हे चित्र एकूण आकड्यात दिसतच नाही. जातीनुसार आणि प्रदेशानुसारही हीच फोड करून पाहा. वाहतूक न परवडणाऱ्या अंतरावरची शिल्लक शिल्लक म्हणून धरू नका.

तपासा: मागणीवरून निघणारी तोड प्लॉटवरच्या खुंटांशी जुळते का? आपल्या २,०४,८०० मध्ये नुकसान आणि साल परत मिळवली की सुमारे २.५९ लाख होतात. प्लॉटवर हेक्टरी वर्षाला २.६, म्हणजे २.६ लाख तोड सापडली होती. जुळलं. खुंट जास्त सांगत असतील, तर मागणीतलं काहीतरी नोंदीबाहेर आहे.

आणखी एक. याच प्रदेशात एकूण साठा पाच वर्षांत हेक्टरी ४.५ घनमीटरने वाढला होता. ती वाढ मुख्यतः तोड न होणाऱ्या भागात साचली. 'साठा वाढतोय, मग तोड वाढवू' हे विधान नेमकं इथे फसतं.

## टप्पा ९: जुळत नसेल तर

सुचवल्या जाणाऱ्या उपायांचाही हिशेब करा. चिराई सुधारून १.८ चं १.६ केलं, तर ८,००० घनमीटर ओंडके वाचतात. पण छाटही तेवढीच घटते, आणि ती लगद्याला जात असेल तर तिथली मागणी जंगलाकडे वळते. सुधारणा कराच, फक्त सगळे ८,००० 'बचत' म्हणून लिहू नका. सुधारित भट्टीने कोळशाला लागणारं लाकूड कमी होतं आणि तिथे अशी उलटी बाजू नाही, म्हणून मी आधी तिकडे पाहतो.

नवी लागवड या दशकाच्या पुरवठ्यात धरू नका. तिची पहिली विरळणी (दाटी कमी करायला केलेली तोड) कधी आणि त्यातून कोणत्या जाडीचं लाकूड, हे वर्षासकट लिहा. आयातीने तूट भरली, तर ती कुठल्या जंगलातून आली ते मागणीच्या रकान्यातच नोंदवा.

मसुदा बाहेर जाण्याआधी प्रत्येक तक्त्याखाली पाच गोष्टी आहेत का पाहा: जंगलाची व्याख्या, मोजणीचं वर्ष, साल धरली की नाही, किमान व्यास, त्रुटी. यातली एक जरी नसेल तर मसुदा परत पाठवा, आकडे कितीही नेटके दिसत असले तरी.